टाकीतली सुपारी

देवपूर, धुळे
शनिवार

प्रिय सपू,

कौतिकचा हात वाचला. काल इथे धुळ्याच्या दवाखान्यात ड्रेसिंग बदलताना डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं, आणि त्याच्या बायकोने, कोकिळाने, बाहेर येऊन ते मला शब्दाला शब्द ऐकवलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट वळायला लागलं आहे. बाकीच्या बोटांवर नवी कातडी आली आहे, गुलाबी, ताणलेली, बाळाच्या टाचेसारखी. मूठ पुरती मिटेल का, पाना धरता येईल का, हे आत्ता कुणी सांगू शकत नाही. गालावरचा डाग राहणार. डोळा थोडक्यात बचावला. यातलं काहीही तू विचारलेलं नाहीस. पण तुझ्या खात्यातला माणूस आहे, तुझ्याच लाइनवर भाजला आहे, तेव्हा साहेबांना कळवायची पद्धत असावी म्हणून कळवते.

तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतोस, आणि संध्याकाळी तुझ्या स्टेटसवर उगवत्या सूर्याच्या चित्राखाली ‘यंत्र बोलतं, ऐकणारा हवा’ असलं काहीतरी झळकतं. यंत्राचं ऐकणाऱ्याला बहिणीचं ऐकायला सवड नाही, तर नसो. म्हणून कागद घेतला. मी ओरडणारी नाही हे तुला माहीत आहे. मला राग आला की माझं अक्षर सुधारतं. हे पत्र बघ कसं मोत्यासारखं उतरतंय.

आधी मी काय बघितलं ते सांगते, कारण तू त्या दिवशी नेमका पुण्याला ट्रेनिंगला गेला होतास. मी सोनगीरला एका कारखान्यात खोक्यांचं मशीन दुरुस्त करत होते, तेव्हा योगराजचा फोन आला. ‘मॅडम, आमच्या वेफर्सची तीन नंबरची लाइन अपघातापासून बंद आहे, खोकी चिकटवायला ग्लूच येत नाही, जळगावला याल का?’ योगराज तुमचा प्रॉडक्शनचा माणूस. घरात मेंटेनन्सचा इन्चार्ज असताना त्याने बाहेरची सर्व्हिस बोलावली, आणि मी तुझी बहीण आहे हे त्याला ठाऊक असूनही बोलावली. तुझी किंमत तिथेच झाली होती. मी यायचं कबूल केलं आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तेवढा मात्र आला. ‘अक्का, टाकीतून जे काय निघेल ते तिथल्या तिथे भंगारात टाक. कुणाला दाखवत बसू नकोस. घरचीच आहेस तू.’ कौतिकचं नाव तू घेतलं नाहीस. मी विचारलं, कसा आहे तो? तू म्हणालास, ‘बरा असेल.’ मी मनात म्हटलं, हा माणूस नक्की कशाला घाबरला आहे?

तर टाकी. मी झाकण उचललं आणि दोन पावलं मागे सरले. ग्लूचे दाणे पोत्यात साबुदाण्यासारखे पांढरट असतात, टाकीत वितळले की मधासारखे दिसतात, हे तुला सांगायला नको. तुझ्या टाकीत डांबर होतं. कडेने काळी साय धरलेली, तिच्यावर पुठ्ठ्याची धूळ आणि एक मेलेला किडा. पोत्यावर छापलेलं तापमान एकशे साठ, आणि तुझ्या पॅनेलवर लावून ठेवलेलं होतं दोनशे पाच. इतक्या आचेवर ग्लू जळतो, जळला की त्याची कोळशासारखी कणी होते, कणी जाऊन नोझलमध्ये बसते, नोझल चोंदलं की खोकी उघडी पडतात. खोकी उघडी पडली की तू काय करतोस? हीट वाढवतोस. म्हणजे आणखी जळतो. आपल्या अख्ख्या खानदेशात हा एकच उपाय चालतो बहुतेक. ग्लू येत नाही, हीट वाढव. ग्लूचे धागे सुटतात, हीट वाढव. सासू-सुनेचं पटत नाही, हीट वाढव. अडाणी माणसाने केलं असतं तर मी समजून सांगितलं असतं. तू आणि मी एकाच पॉलिटेक्निकमध्ये शिकलो, आणि तुला माझ्याहून जास्त मार्क होते. अज्ञानाची सवलत तुला मिळत नाही.

करायचं काय असतं, तेही तुला येतं. लाइन एक पाळी थांबवायची. टाकी गरम असतानाच खाली सोडायची, लाकडी पट्टीने कड सोडवायची, धुण्याचा ग्लू फिरवायचा, जाळी बदलायची, दाब सोडायचा आणि मगच नोझलला हात लावायचा. कंटाळवाणं काम आहे. केस चिकट होतात, कपड्यांचा वास जात नाही, आणि त्याचं रील होत नाही. शिवाय दिवाळीचा माल बाहेर पडायचा होता आणि ‘आपली लाइन थांबत नाही’ हे तू मोठ्या साहेबांना छातीठोकपणे सांगून बसला होतास. लाइन तू थांबवली नाहीसच. आधी माणूस थांबला, मग लाइन.

तिथे भिंतीवर तू लावलेला फलक बघितला. ‘गरम ग्लू त्वचेवर पडल्यास ओढू नये, भाग थंड पाण्यात धरावा.’ बरोबर आहे, अगदी पुस्तकातलं. खाली तुझा हसरा फोटो. फक्त आसपास पाणी नाही. नळ पार गोदामाच्या पलीकडे. त्यामुळे अपघाताच्या दुपारी कुणीतरी घाबरून कौतिकच्या हातावरचा ग्लू फडक्याने ओढला आणि ग्लूबरोबर कातडी आली. तुझा फोटो हे सगळं हसत बघत होता.

टाकीच्या तळाची जाळी काढली तेव्हा ती जाळी राहिलेलीच नव्हती. काळ्या दगडासारखा थर. मी एक तुकडा मोडला आणि वास घेतला. तो ग्लूचा वास नव्हता. मांड्यांचं पुरण पातेल्याला लागलं की घरभर जो वास सुटतो तो होता. करपलेला गूळ. थर फोडत गेले तर खोबऱ्याचा कोळसा निघाला, आणि मधोमध एक गोल, सुरकुतलेली, काळीठिक्कर सुपारी. योगराज माझ्या खांद्यावरून बघत होता. ‘मॅडम, हे काय?’ सुपारी, म्हटलं. ‘सुपारी कशी येईल ग्लूमध्ये?’ म्हटलं, पायी आलेली दिसत नाही, कुणीतरी आमंत्रण दिलं असणार. तो हसला. म्हणाला, ‘खंडेनवमीला मशिनींची पूजा कौतिकच मांडतो दर वर्षी. त्यानेच टाकली असेल. तुमचे भाऊ म्हणालेच मला, काही निघालं तर ते पूजेचं निघेल आणि पूजेचं सगळं कौतिककडे असतं.’

शाबास. मी भंगारात टाकली नाही तर पुढची सोय तू आधीच करून ठेवली होतीस. अपघाताबद्दल तू काय सांगितलंस तेही योगराजनेच सांगितलं. ऑपरेटरने कुणालाही न विचारता, पंप चालू असताना नोझल खोललं, दाबाखालचा ग्लू अंगावर उडाला, चूक त्याची. आता त्यात सुपारीची भर. म्हणजे मशीन बिघडवलंही त्यानेच आणि भाजूनही घेतलं त्यानेच. सोमवारी चौकशी आहे. तिच्यात हेच ठरलं तर त्याला काढून टाकतील आणि ‘निष्काळजी’ असा शिक्का घेऊन, अर्धवट मिटणारी मूठ घेऊन तो जळगावच्या एमआयडीसीत कुणाच्या दारात उभा राहणार? मी सुपारी सगळ्यांसमोर योगराजच्या टेबलावर ठेवली. खरं बाहेर यावं म्हणून ठेवली आणि ते कौतिकच्याच गळ्यात पडलं.

परत येताना एरंडोलपर्यंत गाडीत मला आपल्या आबांचं दुकान आठवत होतं. पाचव्या गल्लीतलं ते बाइंडिंगचं दुकान, पुढे कापायचं यंत्र, मागे सरसाचं भांडं. तुला तो वास आवडायचा नाही. सरस आबा कधी थेट आचेवर ठेवायचे नाहीत. पाण्याच्या भांड्यात सरसाचं भांडं, खाली मंद शेगडी, वर झाकण. ‘सरसाला घाई चालत नाही, तो रुसतो,’ म्हणायचे. एकदा तुला पतंग उडवायला जायचं होतं. आबा बाहेरगावी गेले होते आणि त्यांनी तुला भांड्यापाशी बसवलं होतं. तू पाणी काढून टाकलंस आणि भांडं सरळ शेगडीवर ठेवलंस, लवकर व्हावं म्हणून. सरस जळला. शाळेच्या वह्यांचा गठ्ठा तसाच पडून राहिला. आबा आल्यावर त्यांनी विचारलं, भांडं कुणी ठेवलं? तू काही बोलला नाहीस. खोटंही बोलला नाहीस, एवढं मात्र खरं. तू फक्त उखर्डूकाकांकडे बघितलंस. दुकानात कामाला तेवढा एकच दुसरा माणूस होता, तेव्हा बघणं पुरलं. उखर्डूकाका गोंधळले, मान खाली घालून भांडं घासायला घेऊन गेले. तुझं ते बघणं मला अजून आठवतं. लहान पोराचं असून फार तयार बघणं होतं. मधल्या वर्षांत पगार वाढला, पोट सुटलं, पण ते बघणं तू अगदी जसंच्या तसं जपून ठेवलंस.

आणि आबांची खंडेनवमी आठवते का? यंत्राला हळद-कुंकू, झेंडूची माळ, पाटावर सुपारी. नैवेद्य गूळ-खोबऱ्याचा. ते वाटी यंत्रापुढे एकदा धरायचे, डोळे मिटायचे, आणि ती तशीच उचलून पहिल्यांदा उखर्डूकाकांच्या हातावर रिकामी करायचे. मग आपल्याला. यंत्राचा नैवेद्य यंत्र चालवणाऱ्याने खायचा, एवढा साधा हिशेब होता. यंत्राच्या तोंडात गूळ कोंबायची कल्पना त्यांना सुचली नाही, कारण त्यांच्यापुढे कॅमेरा नव्हता.

आता कालचं. ड्रेसिंग झाल्यावर कौतिक आणि कोकिळा पारोळ्याची गाडी धरणार होते. उन्हाचं कुठे जाता म्हणून मी त्यांना घरी जेवायला आणलं. आईला मी एवढंच सांगितलं होतं की तुझ्या कारखान्यातला माणूस आहे, भाजला आहे. तिला तेवढं पुरलं. ‘मना सपूना माणूस शे,’ म्हणत तिने भरीत केलं, कळण्याच्या भाकरी टाकल्या. उजवा हात बांधलेला, डाव्या हाताने त्याला भाकरी मोडता येईना. कोकिळा पुढे सरकली तर आईने तिला दटावलं, ‘तू जेव माय, रोज तूच करस ना,’ आणि स्वतः भाकरी वरणात कुस्करून त्याच्यापुढे ठेवली, चमचा हातात दिला. तो संकोचून जेवला. मी त्याला विचारलं, त्या दिवशी नक्की काय झालं? तो सहज म्हणाला, ‘नोझल चोंदलं ताई. साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, पंप बंद करू नको, परत चालू व्हायला वेळ जातो, नुसतं नोझल ढिलं कर. मी केलं.’ मग चौकशीत हे सांगितलंस का? तर म्हणतो, ‘साहेब स्वतः सांगणार आहेत. मला म्हणाले, तू गप्प राहा, मी बघतो. सोमवारी ते बोलतील.’ कोकिळाने ताटावरून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. तिला तुझा भरवसा नाही. त्याला आहे. सपू, तुझ्याबद्दल मला आजवर बऱ्याच वेळा चीड आली, पण त्या माणसाचा तुझ्यावरचा विश्वास बघून आलं ते चीड या शब्दात मावत नाही. एखाद्याच्या ताटात किडा दिसावा आणि तो मिटक्या मारत खात असावा, तसं झालं.

जेवण झालं आणि आईने फोन काढला. तुला वाटलं असेल, तुझ्या पूजेचा व्हिडिओ स्टेटसवरून काढला म्हणजे गेला. तू तो खंडेनवमीच्या दिवशी आईला वेगळा पाठवला होतास, लेकाचं कौतुक व्हावं म्हणून. ते झालं आहे. दूधवाल्याने, गॅसवाल्याने, वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी, सगळ्यांनी तो बघितला आहे. मीच फक्त कधी नीट बघितला नव्हता; तुझा फेटा दिसला की मी नजर फिरवते. आईला वाटलं, बिचारा दुखण्यात आहे, साहेबांची पूजा बघून जरा बरं वाटेल. तिने फोन त्याच्यासमोर धरला. ‘देख, मना आंडोरनी मशीनले बी निवद दिधा!’ मी तिच्या मागे उभी राहून बघितलं. तिचा आंडोर, तिचा लेक, म्हणजे फेटा बांधलेला तू. ‘यंत्रही आपलं कुटुंबच आहे’ हे वाक्य दोनदा, पहिल्यांदा नीट झालं नाही म्हणून. मग तू टाकीचं झाकण उघडतोस, वाफ येते, आणि ताटातून गूळ, खोबरं, सुपारी ओंजळीने उचलून आत सोडतोस. मागून कुणीतरी म्हणतो, ‘साहेब, आत नको, बाहेर ठेवा,’ आणि तू कॅमेऱ्याकडे बघत हसतोस, ‘अरे, पोटात गेल्याशिवाय नैवेद्य कसला!’ सगळे हसतात. तो मागचा आवाज कौतिकचा आहे. आणि ताट धरलेला हात दिसतो, चेहरा नाही, नुसता हात. मनगटात काळा दोरा. कौतिक डाव्या हाताचं बोट त्या चित्रावर ठेवून आईला म्हणाला, ‘हाऊ मना हात शे, माय.’

आई खूश झाली. ‘तू बी व्हता का तठे?’ म्हणाली. तो हो म्हणाला आणि फोन परत दिला. बस. टोमणा नाही, उसासा नाही. चांगला, धडधाकट, पाचही बोटं सरळ असलेला हात होता रे तो. पूजेचं ताट किती घट्ट धरलं होतं त्याने.

मग निघण्याच्या गडबडीत सोमवारचा विषय निघाला. त्याला जळगावला बोलावलंय हे ऐकल्यावर आई म्हणाली, मी पण येते. ‘मना सपूनं हापिस मी आजून देखं नही.’ खरंच आहे. एवढ्या वर्षांत तू तिला कधी नेलं नाहीस. एकदा तुझ्या कारखान्यात हळदी-कुंकू होतं, तेव्हाही ‘तिला तिथे अवघडल्यासारखं होईल’ म्हणालास. आई कुठेही अवघडत नाही. तिच्यामुळे तू अवघडतोस.

ती दोघं गेल्यावर मला वाटलं, आता ती झोपेल. ती झोपली नाही. खिडकीशी बसून तिने तो व्हिडिओ पुन्हा लावला, फोन अगदी डोळ्यांपाशी नेऊन. मग परत. मी भांडी आवरत होते. तिने तिथूनच विचारलं, ती सुपारी मग सपूने उचलली का? मी विचारलं, कुठली? म्हणाली, ‘पूजेची. पूजेची सुपारी तशीच ठेवायची नसते. पूजा झाली की ज्याने मांडली त्यानेच ती हलवायची, नाहीतर पूजा उरते.’ मी म्हटलं, नाही उचलली त्याने. मी काढली. जळून गेली होती. तिने फोन पदराला पुसला आणि पिशवीत ठेवला. तिला काय समजलं आणि किती, हे मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. धाडस झालं नाही असं मी फार क्वचित लिहिते, लक्षात घे.

तो व्हिडिओ माझ्याकडेही आहे, आईच्या फोनवरून घेतला. मी तो योगराजला पाठवू शकले असते. बोट टेकवायचं काम होतं. पाठवला नाही. तुझी दया आली म्हणून नव्हे. मी पाठवला तर तो पुरावा होईल, आणि पुराव्यापुढे तू काय करशील ते मला पाठ आहे. कंपनीचीच परंपरा होती म्हणशील, व्हिडिओ जुना आहे म्हणशील, कौतिकने आधीच काही टाकलं होतं म्हणशील. शेवटी पुन्हा कुणाकडे तरी बघशील. आणि तुझा तो फोन, ‘पंप बंद करू नको’ म्हणणारा, तो कुठल्याच व्हिडिओत नाही. तो फक्त तुझ्या तोंडात आहे आणि कौतिकच्या कानात. त्याचा कान ते बोलणार नाही, कारण तू त्याला गप्प राहायला सांगितलं आहेस आणि तो दिलेला शब्द पाळतो. राहता राहिलं तुझं तोंड. माझं त्याच्याबद्दलचं मत वर आलंच आहे.

आता हे पत्र कशासाठी. टपालाने ते वेळेत पोचलं नसतं आणि पोचलं असतं तरी तू ते खणात टाकलं असतंस. म्हणून मी ते आईच्या हातात देते आहे. सोमवारी सकाळी मी तिला धुळ्याच्या स्टँडवर जळगावच्या गाडीत बसवीन. पारोळ्याला कौतिक चढेल. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून ती त्याची जागा धरणार आहे. तुझ्या गेटवर ती तुझं नाव सांगेल, आणि आईला परत पाठवण्याइतका निर्लज्ज तू वॉचमनसमोर होणार नाहीस. म्हणजे तू हे वाचतो आहेस तेव्हा ती दोघं तुझ्या टेबलापलीकडे बसलेली आहेत, एकाच्या हाताला पट्टी आणि एकीच्या मांडीवर पिशवी. पिशवीत फोन आहे आणि तुझ्यासाठी गूळ-खोबऱ्याचे लाडू आहेत. पत्रात काय आहे ते मी तिला सांगितलेलं नाही. घरची खुशाली लिहिली आहे, एवढंच म्हणाले. आबांच्या दुकानातून या घरात पोत्यांनी पुस्तकं आली, पण तिला अक्षर लागलं नाही. ती पुस्तक वाचायची नाही, पाठ बघायची, नीट शिवली आहे का उसवली आहे. आत्ता ती तुझा चेहरा तसाच बघते आहे. शेवटचं पान खाली ठेवलंस की ती माझं नाव घेऊन विचारेल, ‘काय लिखेल शे रे सारूनी?’ चौकशीचं बोलावणं त्यानंतर येईल. आधी तिला उत्तर द्यावं लागेल, कौतिकच्या देखत. आणि या खेपेला तुला ज्याच्याकडे बघता येईल असं दुसरं कुणी नाही.

तुझीच, बदलून घ्यायची सोय नसल्यामुळे,
अक्का